बहात्तर बैठकांच्या आधी

आजच्या कार्यक्रमाचे आणि आपल्या तालमीचेही अध्यक्ष माननीय विश्वजितदादा, खास कागलहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले सर्व ज्येष्ठ पदाधिकारी, सूत्रसंचालनाची धुरा सांभाळणारे आमचे सेक्रेटरी विजयसिंह, माझ्या सकाळच्या योगवर्गातली सारी मंडळी, समोर बसलेल्या आयाबहिणी, आणि पाठीमागं दाराला टेकून उभे असलेले, ज्यांना खुर्ची मिळाली नाही किंवा मिळाली तरी बसायचं नाही असे सगळे पैलवान, आपणां सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

आत्ता माझा निरोपाचा सत्कार झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि विश्वजितदादांच्या मातोश्रींनी स्वतःच्या हातानं माझी ओटी भरली. माझ्यासारख्या गडहिंग्लजकडच्या बाईला, तीही मास्तरीण, कोल्हापूरच्या तालमीत इतका मान मिळावा, ही काही साधी गोष्ट नाही. तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईमाणूस नको, असं म्हणणारी मंडळी याच हॉलमध्ये अजून हयात आहेत. त्यांतले दोघे तर आज पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मी पाहिलं बरं का.

विजयसिंहांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. सगळा जन्म शाळेत पीटी शिकवण्यात गेला, तेव्हा पाच मिनिटं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. तरीही आज मी जास्त वेळ घेणार आहे, आणि का घेणार तेही लपवत नाही. माझ्यानंतरचा कार्यक्रम काय आहे ते आपण सगळे जाणता. आपले आकाराममामा बहात्तर वर्षांचे झाले, आणि वर्धापनदिनाच्या रिवाजाप्रमाणे ते आपल्यासमोर हलगीच्या ठेक्यावर बहात्तर बैठका मारणार आहेत. हलगी शेकून तयार आहे, कोपऱ्यात दिसते मला. मी जोवर बोलतेय तोवर ती वाजणार नाही. माझ्या हातात आता एवढंच उरलंय, म्हणून बोलतेय.

प्रमुख पाहुण्यांना आमचा रिवाज ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आमच्या तालमीत सत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही सभासदानं वर्धापनदिनी आपल्या वयाइतक्या बैठका सलग मारल्या, तर अध्यक्ष स्वतः त्याला फेटा बांधतात आणि त्याचा फोटो या भिंतीवर लागतो. वर पाहा. जोतिबाच्या तसबिरीपासून खिडकीपर्यंत जी रांग आहे, ती सगळी या बैठका मारलेली मंडळी. या पेठेत त्या रांगेत जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मलाही कळायला फार दिवस लागले.

मी इथं आले ती शाळेतून निवृत्त झाल्यावर. सकाळी हॉल रिकामा असतो, म्हातारपणी गुडघे धरलेल्या माणसांसाठी योगाचा वर्ग घेऊ का, असं मी विश्वजितदादांना विचारलं, आणि ते लगेच हो म्हणाले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पहिल्या दिवशी जी मंडळी आली ती शिकायला आली नव्हती, बाई काय शिकवते ते बघायला आली होती. मी आधी सांधे मोकळे करून घेतले, श्वास घ्यायला लावला, तोवर सगळं बरं चाललं होतं. मग मी म्हटलं, आता बैठका. आणि मी प्रत्येकाच्या पाठीमागं एकेक खुर्ची ठेवली.

काय हसले हो लोक. बैठका आणि खुर्ची लावून! एक आजोबा म्हणाले, "अक्का, आमी चालाय शिकायच्या आधी बैठका माराय शिकलोय. तुमी आमास्नी खुर्चीवर बसाय शिकवाय आलाय व्हय?" मी म्हटलं, होय, त्यासाठीच आलेय. शेवटचं खुर्चीवरून हात न टेकता कधी उठला होतात ते सांगा. आजोबांनी खुर्चीकडं पाहिलं आणि चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले मात्र.

आता तालमीतली बैठक आपल्याला माहीत आहे. चवड्यावर भार, टाच वर, गुडघा पुढं, हात झोकायचे, खाली जायचं आणि झटक्यात वर यायचं. ती बैठक चुकीची आहे असं मी कधीच म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण ती विशीतल्या पोराची आहे, आणि ती मातीतली आहे. कुस्तीच्या हौदातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद पडलेली असते, माती मऊ असते, पाय आत रुततो, झटका माती सोसते. पूर्वी या वयाच्या बैठका हौदातच व्हायच्या. नवा हॉल झाला, खुर्च्या आल्या, मोबाईलवर चांगलं दिसावं म्हणून कार्यक्रम हौदातून या फरशीवर आला. बैठक तशीच राहिली, ठेका तसाच राहिला, खालची माती तेवढी गेली. यात कुणाचं काही चुकतंय असं आजवर कोणालाच वाटलेलं नाही.

माझी बैठक निराळी. दोन पायांत खांद्यांच्या रुंदीइतकं अंतर, बोटं किंचित बाहेर. टाच जमिनीला चिकटलेली, काही झालं तरी ती उचलायची नाही. आधी कंबर मागं न्यायची, मागं स्टूल आहे का नाही हे चाचपताना नेतो तशी, आणि मग गुडघा आपोआप वाकतो. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनं राहिला पाहिजे, आत पडायचा नाही. छाती वर, नजर समोर. खाली जाताना श्वास घ्यायचा, वर येताना सोडायचा, आणि कोंडून तर धरायचाच नाही, कारण निम्म्या वर्गाला ब्लडप्रेशर आहे. खुर्चीला नुसता स्पर्श झाला की उठायचं. तेवढंही जमत नसेल तर खिडकीचे गज धरायचे आणि जमेल तेवढंच वाकायचं. मांडीला ताण आला तर चालेल, पण गुडघ्यात कळ आली की तिथंच थांबायचं. आणि थांबणाऱ्याला हसायचं नाही. माझ्या वर्गाचा हा एकच कडक नियम होता, आणि कोल्हापुरात तो पाळून घेणं सगळ्यांत अवघड गेलं.

विजयसिंह, घड्याळाकडं बघू नका. मी आहे अजून.

आकाराममामा वर्गात आले ते जरा उशिरा आले. दूध संघात उभा जन्म कॅन उचलण्यात गेलेला हा माणूस. आले आणि दारातच उभं राहून म्हणाले, "मला योग-बिग काय नगं. मला बायकोला उठवाय शिकवा." मला आधी कळलंच नाही. मग कळलं की चिमणाबाईमामींच्या अंगावरून वारं गेलंय, उजवी बाजू चालत नाही, आणि घरात दोघंच. मुलगी मोना इचलकरंजीला दिलेली, नवरा यंत्रमागावर कामाला, तिला रोज येणं शक्य नाही. सकाळी मामींना अंथरुणावरून उठवायचं, खुर्चीत बसवायचं, न्हाणीत न्यायचं, परत आणायचं, हे सगळं मामा एकटे करत होते. आणि करत होते ते कमरेतून वाकून, काखेत हात घालून, ओढून. दोनदा दोघंही पडली होती.

मी त्यांच्या घरी गेले. मामी बाजेवर होत्या. मी मामांना म्हटलं, तुम्ही पोतं उचलताय तसं माणूस उचलताय. आधी बैठक शिका, मग बायको उचला. आणि ते शिकले, दादा. खोटं सांगत नाही, माझ्या वर्गात इतक्या निमूटपणे कोणी शिकलं नसेल. हसण्यावारी नेलं नाही, खुर्चीला लाजले नाहीत. काही महिन्यांनी मी पुन्हा त्यांच्या घरी गेले. मामा मामींच्या समोर जवळ उभे राहिले, पाय फाकवले, टाच रोवली, कंबर मागं घेऊन खाली बसले, मामींचा चांगला हात आपल्या पाठीवर घेतला, त्यांचा गुडघा आपल्या गुडघ्यानं अडवला, दोघांनी एकदम श्वास सोडला आणि दोघं उभी राहिली. अशी सरळ उभी राहिली, की मामींना हसू आलं. मामींचं बोलणं आजारापासून जरा जड झालंय, तरी त्या स्पष्ट म्हणाल्या, "लगीन झाल्यावर पैल्यांदा ह्येच्या उरावर डोकं टेकलंया." मामा लाजून बाहेर गेले. मी त्या घरातून रडत बाहेर पडले, आणि मी रडणाऱ्यांतली बाई नाही.

तेव्हापासून चार वर्षं मामी रोज उठतात. या हॉलमध्ये आज त्या पुढं बसल्या आहेत त्याही मामांनीच उठवून बसवलंय म्हणून. त्यांच्या सगळ्या जगण्याचा भार एका माणसाच्या दोन गुडघ्यांवर आहे. हे मी अलंकारिक बोलत नाही. ते गुडघे चालेनासे झाले तर मामी बाजेवरून उठणार नाहीत, कारण उठवायला दुसरं कोणी नाही.

आता गणपतरावांकडं वळते. गणपतराव, रागावू नका, आपलं चांगलं नातं आहे. मागच्या वर्षी यांनी पंच्याहत्तर बैठका मारल्या. मी इथंच बसले होते. अर्ध्यावर गेल्यावर यांचा डावा गुडघा आत पडायला लागला, मी खुणा करत होते, पण हलगीनं ठेका वाढवला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. यांनी पुऱ्या केल्या. फेटा बांधला, फोटो लागला, तो बघा, कोपऱ्यातून दुसरा. त्यानंतर गणपतराव माझ्या वर्गात काठी घेऊन आले, नंतर काठीसुद्धा पुरेना म्हणून यायचे बंद झाले. आज त्यांना दोन नातवांनी धरून आणलंय. मी परवा त्यांना म्हटलं, आकाराममामांना जरा सांगा, तुम्ही भोगलंय, तुमचं ऐकतील. तर मला म्हणतात, "गुडघं गेलं ते गेलं, पर फोटू हाय की भितीला." आणि आत्ताही बघा, हसतायत. 

मामांच्या मनात हे कधी आलं ते मला नेमकं माहीत नाही. मला कळलं ते त्यांचा गुडघा सुजलेला दिसला तेव्हा. विचारलं तर म्हणाले, पाय मुरगळला. मुरगळलेला पाय मला कळत नाही होय? मग खरं बाहेर आलं, मामी झोपल्या की मागच्या बोळात, सिमेंटवर, चवड्यावर, जुन्या पद्धतीच्या बैठका मारत होते. मी ओढून डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढून दाखवला, सांध्यातली गादी झिजलीय म्हणाले. सावकाश बैठका चालतील, खुर्चीच्या उंचीपर्यंत चालतील, पण खाली जाऊन झटका मारायचा नाही, नाहीतर गुडघा धरून बसाल, असं स्वच्छ मराठीत सांगितलं. मामांनी मान हलवली. रोज माझ्यासमोर हलवतात तशीच.

मी विचारलं, मामा, का हो? तेव्हा ते जे बोलले ते मी इथं सांगणार आहे, कारण या तालमीनं ते ऐकायला हवं. ते म्हणाले, "अक्का, मी मिसरूड फुटायच्या आधी हितं आलो. हौद खणला, पाणी भरलं, मोठ्या पैलवानांची अंगं रगडली. माझी एक कुस्ती कुणाला आठवती का इचारा. भितीवर सगळ्यांचं फोटू हाईत, मी कुठंच न्हाय."  

तरी मी गप्प बसले नाही. मी विश्वजितदादांकडं गेले. दादा, तुम्ही मला चहा पाजलात, नीट ऐकून घेतलंत, आणि म्हणालात, "अक्का, आजोबांच्या काळापास्नं चालत आलंय. मी थांबवला तर लोक म्हणतील, ह्येच्यात दम न्हाय म्हणून रिवाज मोडला." मी म्हटलं, मग सावकाश करू द्या, खुर्ची ठेवून करू द्या. तुम्ही हसलात. खुर्चीवरच्या बैठकीला फेटा कोण बांधणार, म्हणालात. वाईट मनानं नाही म्हणालात, हे मला ठाऊक आहे. मग मी मोनाला इचलकरंजीला फोन केला. ती बिचारी फोनवर रडली आणि म्हणाली, बाबा माझं कधी ऐकतात का. पत्रिका छापून झाल्या, पाहुण्यांना निमंत्रण गेलं, मामांचं नाव पत्रिकेवर आलं. पत्रिकेवर नाव आलेला माणूस या शहरात माघार घेत नाही.

शेवटी मी मामींकडं गेले. मामी, तुम्हाला न विचारता सांगतेय, मला रागवा, पण सांगू द्या. मला वाटलं होतं की सगळं जग नाही म्हणालं तरी एक बाई हो म्हणेल, कारण जीव तिचा आहे. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, मामांचे गुडघे गेले तर तुम्हाला कोण उठवणार, मामी? तुम्ही एक शब्द टाका, ते तुमचं मोडणार नाहीत. मामींनी चांगल्या हातानं पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "चार वर्सं ह्यो माणूस माझं समदं करतोय. गल्लीत त्येला बायकोचा गडी म्हणत्यात. एक दिस त्येच्या डोक्याला फेटा बघू दे मला."

मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी?

"दुसऱ्या दिशी पडून ऱ्हाईन की."

मी उठून आले. रस्त्यात एकच विचार डोक्यात होता. ज्या पायांनी ते बहात्तर बैठकांचं धाडस करायला निघालेत, ते पाय माझ्या वर्गात तयार झालेत. चार वर्षांपूर्वीचे आकाराममामा दहासुद्धा मारू शकले नसते, आणि कोणी त्यांना मारायला सांगितल्याही नसत्या. मी शिकवलं नसतं तर मामी कधीच बाजेवर पडून राहिल्या असत्या, आणि शिकवलं म्हणून उद्यापासून पडून राहतील. हे कुणाला उलगडत असेल तर मला जरूर सांगा.

विजयसिंह, चिठ्ठी मिळाली. "आवरतं घ्या." घेते.

माझ्या निरोपाचा हा सत्कार आहे, तेव्हा दोन शब्द निरोपाचेही बोलायला हवेत. गडहिंग्लजला माझ्या अव्वाला, म्हणजे आईला, आता एकटं ठेवता येत नाही, म्हणून मी निघालेय. वर्ग पुढं चालवणारं कोणी मिळालं नाही, मी खूप शोधलं. हॉलमध्ये आता जिमची मशिनं येणार आहेत. तरण्या पोरांना ती हवीत, आणि तालीम तरण्या पोरांची असते, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझ्या वर्गातल्या मंडळींना एवढंच सांगते, घरी खुर्ची आहे, खिडकीला गज आहेत. बैठका करत राहा. खरं सांगायचं तर तुम्ही करणार नाही हेही मला माहीत आहे. चौघांत बसून जे होतं ते एकट्यानं होत नाही.

पण जाण्याआधी सत्कारमूर्ती म्हणून माझा एक हक्क आहे, तो मी मागून घेते. विश्वजितदादा, आज तुम्ही मला शाल दिलीत. मी शाल परत करते. तिच्याऐवजी मला एक द्या. आकाराममामांना आत्ता, या क्षणी फेटा बांधा, बैठका न मारता. रिवाज मोडू नका, नवीन घाला. यांनी चार वर्षं रोज एका माणसाला बाजेवरून उचलून उभं केलंय. या भिंतीवरच्या कुठल्या पैलवानानं एवढं वजन इतके दिवस उचललंय, दाखवा मला. जत्रेतल्या कुस्त्या काही मिनिटांच्या असतात. फेटा बांधा, फोटो लावा, खाली लिहा की बायकोला उठवलं म्हणून. मी हात जोडते.

दादा उठले. टाळ्या नकोत, थांबा. दादा फेटा घेऊन उठलेत. दादा, तुमचं मन मोठं आहे, मला माहीत होतं.

काय म्हणताय मामा? ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं बोला.

ऐकलंत सगळ्यांनी? माईकवरून मी सांगते, मागं ऐकू गेलं नसेल. मामा म्हणतात, "फुकटचा फेटा मला नगं. बायकोला उठवल्याचा फेटा असतोय व्हय कुठं? त्ये माझं घरचं काम हाय."

बसा दादा. राहू दे तो फेटा तिथंच.

मामा, ठीक आहे. माझं काही उरलं नाही आता. मग निदान मास्तरीण म्हणून शेवटचं सांगते ते कानात ठेवा. टाच उचलू नका. श्वास कोंडू नका. हलगीच्या मागं धावू नका, हलगी तुमच्या मागं येऊ दे. गुडघ्यात कळ आली की थांबा, चाळिसावर थांबलात तरी तुम्ही थांबलात असंच मी म्हणेन, हरलात म्हणणार नाही. हलगीवाल्या भावाला माझी विनंती आहे, जरा संथ वाजवा. ते मान हलवतायत. नाही म्हणतायत. संथ वाजवली तर ती आरती होते म्हणतायत. बरोबर आहे, त्यांचंही चुकत नाही.

तर मामा उठलेच. शर्ट काढून मामींच्या मांडीवर दिला त्यांनी. मामी हसतायत, डाव्या हातानं शर्टाची घडी घालतायत. मला ही माणसं कळली नाहीत असं नाही, सगळी कळली, म्हणून तर काही करता आलं नाही.

आता मात्र आटोपते. तालमीनं मला जागा दिली, मान दिला, या पेठेनं अक्का म्हणून हाक मारली, त्याचं ऋण मी घेऊन जाते आहे. विश्वजितदादा, विजयसिंह, पाहुणे, सर्व पदाधिकारी, वर्गातली माझी माणसं, सगळ्यांचे आभार. सत्काराच्या दिवशी कोणी असं बोलत नाही, हे मला कळतं. बोलण्यात तिखट गेलं असेल, घरातलं दारात आणलं असेल, गणपतरावांसारख्या वडीलधाऱ्यांचा अवमान झाला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि मामी, तुमची माफी वेगळी मागते. उद्या सकाळी तुम्हाला उठवायला मी येईन. परवा सकाळी येईन. परवा दुपारी माझी गडहिंग्लजची एसटी आहे, आणि त्याच्या पुढचं मला काही सुचलेलं नाही, तेवढ्यासाठी मला क्षमा करा.